राहूनच गेलं

"रोज एक. ठरल्या वेळेला घ्यायची. एक दिवस बी चुकवायची न्हाई." मेडिकलवाल्यानं पांढरी प्लास्टिकची बाटली काउंटरवर ठेवली. "अन् डॉक्टरनं सांगितल्याबिगर बंद करायची न्हाई. बाकीचं विसरलं तरी चालंल, हिचं ध्यानात ठेवा."

महांतेशनं बाटली हातात घेतली. झाकण दाबून फिरवलं, वरचा कापूस बोटानं काढला आणि एक गोळी तळहातावर घेतली. फिकट निळी, लांबट, बदामाच्या आकाराची.

"इथं नका खाऊ. घरी गेल्यावर घ्या."

"खाऊन न्हाई राहिलो," महांतेश म्हणाला. "बघून राहिलो."

शेजारी उभ्या असलेल्या पुनमनं नवऱ्याकडं पाहिलं. "काय झालं?"

"काही न्हाई."

ही गोळी त्यानं आजवर रोज पाहिली होती. देगलूरच्या बाजारपेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. थोरला भाऊ गुरुपादप्पा, म्हणजे अण्णा, सकाळी शटर उघडायचा, कपाळाला विभूती लावायचा, उदबत्ती फिरवायचा आणि गादीवर बसता बसता हाक मारायचा, "महांत्या, पाणी आण रे." महांतेश माठातलं पाणी स्टीलच्या पेल्यात भरून द्यायचा. अण्णा गल्ल्याशेजारच्या कप्प्यातून पांढरी बाटली काढायचा. तिच्यावरचा कागद नेहमी खरवडून काढलेला असायचा. "बीपीची," असं अण्णानं एकदा सांगितलं होतं, आणि त्यानंतर कुणी विचारलं नव्हतं.

एकदा बिदरला लग्नाला निघाले असताना अण्णाला अर्ध्या वाटेत आठवलं की बाटली दुकानातच राहिली. त्याच्या कपाळाला घाम फुटला. महांतेश भर उन्हात मोटारसायकलवर देगलूरला परत आला, बाटली घेतली आणि लग्न लागून गेल्यावर मांडवात पोचला. भावाच्या जिवासाठी एवढं केलं याचं त्याला त्या दिवशी बरं वाटलं होतं.

"झालं का?" बाहेर गाडी लावायला गेलेला अण्णा मेडिकलच्या पायऱ्या चढून आला. "दे ती पिशवी माझ्याकडं. तू वजन नको उचलू."

महांतेशनं गोळी बाटलीत टाकली, झाकण लावलं आणि पिशवी अण्णाच्या हातात दिली.

थोड्याच वेळापूर्वी ते तिघं वर डॉक्टरांच्या खोलीत बसले होते. बरगडीखाली दुखतंय म्हणून कितीतरी दिवस महांतेश ओवा खात होता. मग पँट ढिली व्हायला लागली, सोनोग्राफी झाली, आणि नांदेडच्या या मोठ्या दवाखान्यात नाव निघालं: लिव्हरचा कॅन्सर. रक्तात पांढऱ्या काविळीचा, म्हणजे हिपॅटायटिस बीचा, विषाणू सापडला होता. नवा नव्हे, जुना.

"हा बहुतेकदा जन्माच्या वेळी आईकडून येतो," डॉक्टरांनी सांगितलं होतं. "तान्ह्या बाळाच्या शरीरातल्या लढणाऱ्या पेशींना तो परका वाटतच नाही. घरचाच आहे असं समजून त्याला राहू देतात. चाळीस-चाळीस वर्षं माणसाला काही कळत नाही. घरात आणखी कुणाला आहे का हा आजार?"

महांतेश सांगायला लागला होता की आई पोटात पाणी होऊन गेली. पण त्याच्या आधी अण्णाच बोलला, "न्हाई साहेब. आमच्या घरात कुणालाच न्हाई."

"आधी कळलं असतं तर?" पुनमनं विचारलं होतं.

"तर गोळी आधी सुरू झाली असती. गाठ होण्याचा धोका बराच कमी झाला असता."

तेव्हा अण्णा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता.

*

दुसऱ्या दिवशी पुनम नको म्हणत असताना महांतेश दुकानात गेला. "घरी बसून काय करू? ऑपरेशनला अजून आठवडा हाय," म्हणाला. शर्टाच्या खिशात त्यानं आपली एक गोळी कागदात गुंडाळून घेतली होती.

दुकानात त्याचं काम होतं भांड्यांवर नावं घालण्याचं. छोटं कोरायचं यंत्र पेनासारखं धरून तो ताट, वाटी, घागर, डबा, कशावरही झरझर अक्षरं काढायचा. मराठी, तेलुगू, कन्नड, तिन्ही लिप्या त्याच्या हातात होत्या. मदनूर, बिचकुंद्याकडची तेलुगू गिऱ्हाइकं खास त्याच्यासाठी यायची. तालुक्यातल्या बहुतेक घरांत रोजच्या जेवणाच्या ताटावर त्याचं अक्षर होतं. अण्णा गल्ला सांभाळायचा, महांतेश नावं घालायचा. बाप लवकर गेला तेव्हा महांतेश शाळेत होता. त्याला कॉलेजात जायचं नव्हतं आणि अण्णानं जा म्हटलं नव्हतं. दोघांचं त्यात काही अडलं नाही.

"महांत्या, पाणी आण रे," अण्णानं सवयीनं हाक मारली आणि लगेच म्हणाला, "नको नको, तू बस. मीच घेतो."

"आणतो की."

त्यानं पेला भरून दिला आणि तिथंच उभा राहिला. अण्णानं कप्पा उघडला, बाटली काढली, गोळी तोंडात टाकून वर पाणी घेतलं.

"ही कशाची गोळी हाय, अण्णा?"

"बीपीची. तुला ठाऊक हाय की."

"बीपीची निळी असती?"

"कंपनीवर असतंय ते." अण्णानं बाटली आत ठेवून कप्पा लावला. "तू खामखा उभा राहून नको राहू. बस."

महांतेशचा हात खिशापर्यंत गेला. तेवढ्यात मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला एक जोडपं आत आलं आणि अण्णा उठून त्यांना पितळेच्या समया दाखवायला लागला. अण्णा नेहमीसारखाच हसत होता. महांतेश यंत्रापाशी जाऊन बसला. दिवसभर त्यानं नावं घातली. एकही अक्षर चुकलं नाही. घरी आल्यावर खिशातला कागद उलगडला, तर घामानं गोळीचा निळा रंग कागदाला लागला होता.

पुनमला त्यानं सांगितलं नाही. अजून त्याला वाटत होतं की आपलं काहीतरी चुकत असेल. एका रंगाच्या हजार गोळ्या असतात. ज्या माणसानं शाळेची फी भरली, लग्न लावून दिलं, ऑपरेशनसाठी दुकान बंद ठेवतो म्हणाला, त्याच्याबद्दल असं काही मनात आणायचीच त्याला लाज वाटत होती.

*

ऑपरेशन झालं. लिव्हरचा गाठ असलेला भाग काढला. चौथ्या-पाचव्या दिवशी महांतेश उशीला टेकून बसायला लागला, तेव्हा एक डॉक्टरीण त्याच्या खाटेपाशी आली. नाव डॉक्टर बुद्धप्रिया. मूळची किनवटकडची, वयानं लहान, पण घाईत नसलेली. खुर्ची ओढून ती चक्क बसली. डॉक्टर बसून बोलतात हे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

"काका, मी लिव्हरच्या गाठींचा अभ्यास करतेय. तुमच्या गाठीचा तुकडा आणि थोडं रक्त त्यासाठी वापरू का? नाही म्हणालात तर तुमच्या इलाजात काही फरक पडणार नाही."

"अभ्यास म्हंजे काय करणार?"

"सारखीच गाठ असलेल्या दोन माणसांत एक बरीच वर्षं चांगला राहतो आणि दुसऱ्याला ती लवकर परत येते. असं का, ते शोधतोय. आपल्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. कुणाच्या गाठीत त्या मोठ्या संख्येनं घुसलेल्या दिसतात, कुणाच्या गाठीत काठावरच थांबलेल्या. शिवाय जनुकांत काही खुणा असतात. पेशी आणि खुणा, दोन्ही मिळून काही सांगतात का, ते बघतोय."

"घ्या की," महांतेश म्हणाला. "काढून टाकलेली गाठ मला काय करायची हाय?"

ती हसली. "सख्खे भाऊ-बहीण आहेत तुम्हाला? एका आईच्या लेकरांचं रक्त शेजारी ठेवून पाहिलं तर बरंच कळतं. शिवाय त्यांची स्वतःचीही तपासणी व्हायलाच हवी."

"एक बहीण हाय, उदगीरला. अन् भाऊ हा काय." त्यानं हात केला. अण्णा खिडकीपाशी शहाळ्याचं पाणी पेल्यात ओतत होता.

"मला जमायचं न्हाई मॅडम," अण्णा वळलाच नाही. "सुई बघितली की चक्कर येती मला. लहानपणापासून."

डॉक्टर बुद्धप्रिया "बघा, विचार करा," म्हणाली आणि पुढच्या खाटेकडं गेली.

महांतेश अण्णाच्या पाठीकडं बघत राहिला. बसव जयंतीला देगलूरला रक्तदान शिबिर व्हायचं, तेव्हा पहिल्या खाटेवर अण्णा असायचा. बाही वर करून, फोटोसाठी हसत. दरवर्षी. आणि मग एका वर्षापासून तो शिबिराच्या मांडवात नुसता चहा वाटायला लागला. शेवटचं रक्त दिलं ते कोणतं वर्ष होतं, हे महांतेशला फार आठवावं लागलं नाही. त्याच वर्षी उन्हाळ्यात त्याचं स्वतःचं लग्न झालं होतं.

"अण्णा," तो म्हणाला, "तू रक्तदान कधी बंद केलंस?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं थोरल्या भावाला 'तू' म्हटलं होतं. ते दोघांनाही ऐकू आलं.

अण्णा वळला. हातातला पेला त्यानं खाली ठेवला. "काय म्हनलास?"

"माझ्या लग्नाच्या साली ना?"

"कोण सांगितलं तुला?"

"कुणी न्हाई. तुझी गोळी अन् माझी गोळी एकच हाय."

अण्णानं आधी खाटेभोवतीचा पडदा ओढला. मग पायथ्याशी बसला. पांघरुणाची घडी नीट करत राहिला. 

"हळू बोल. शिबिरात रक्त घेतलं, मग बोलावून सांगितलं की पांढरी कावीळ हाय. मी हैदराबादला गेलो. तिथले डॉक्टर म्हनले, आईकडून आलेलं हाय, गोळी सुरू करा."

"अन् भाऊ-बहिणीचं काय म्हनले?"

अण्णानं पांघरुणाची घडी पुन्हा उलगडली.

"सांग ना. काय म्हनले?"

"तपासून घ्या म्हनले." अण्णानं मान खाली घातली. "तुझी सोयरीक ठरली होती रे. पत्रिका छापल्या होत्या. पुनमच्या घरच्यांना कळलं असतं तर मोडलं असतं. अन् आपला धंदा भांड्याचा. पांढऱ्या काविळीवाल्याच्या घरचं ताट कोण घेतंय?"

"मग लग्न झाल्यावर?"

"लग्न झाल्यावर पुनमला काय सांगणार होतो? की आम्ही लपवलं?"

"त्याच्यानंतर?"

"तुला काही तकलीफ न्हवती. चांगला धडधाकट होतास. मला वाटलं, सगळ्यांना थोडंच असतंय. सांगू सांगू म्हनत..." अण्णानं हात पसरले. "राहूनच गेलं बघ."

महांतेशला वाटलं होतं की काहीतरी मोठं कारण निघेल. भांडण, राग, वाटणी, काहीतरी. हे तर लाइटबिल भरायचं राहून गेल्यासारखं होतं. रोज सकाळी पाण्याचा पेला हातात घेऊन तो अण्णाच्या समोर उभा होता. पेला घेताना अण्णाला त्याचा चेहरा दिसत होता. रोज एकदा सांगायची संधी होती, आणि रोज एकदा अण्णानं ती पाण्याबरोबर गिळली होती.

"पुनमला सांगू नको," अण्णा हळूच म्हणाला. "अक्षराची सुपारी फुटायची हाय पुढच्या महिन्यात. माझ्या पोरीच्या सोयरिकीचं बघ."

महांतेशनं डोळे मिटले. अण्णाला वाटलं, तो झोपला. शहाळ्याचं पाणी झाकून ठेवून तो बाहेर गेला.

पुनम डबा घेऊन आली तेव्हा महांतेशनं तिला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही, रडली नाही. डब्याचं झाकण हातात घेऊन उभी राहिली आणि तिनं एवढंच विचारलं, "शिवानी?"

त्यांची मुलगी शिवानी बारावीत होती. दोघींचं रक्त त्याच दिवशी तपासायला दिलं. शिवानीला काही नव्हतं. पुनमच्या शरीरात मात्र तो विषाणू कधीतरी येऊन गेला होता, आणि तिच्या पेशींनी त्याला परका ओळखून हाकलून लावलं होतं. तिला कधी साधा तापही आल्याचं आठवत नव्हतं.

*

टाके सुकल्यावर महांतेश एसटीनं उदगीरला गेला. बहिणीला फोनवर सांगायची गोष्ट नव्हती ही. लक्ष्मम्मा, म्हणजे अक्का, त्याच्याहून मोठी, अण्णाहून लहान. तिचा नवरा बिलोलीहून बदली होऊन उदगीरला आला, तिथंच निवृत्त झाला. दोन मुलं, दोघांची लग्नं झालेली. सुनेला दिवस गेले होते. वाटेत महांतेशच्या मनात तेच घोळत होतं. अक्काला असेल, तर लेकरांना असेल. बाळाला जन्मल्याबरोबर इंजेक्शन द्यावं लागतं असं डॉक्टर बुद्धप्रियानं सांगितलं होतं. अण्णा सांगणार नाही. आपल्यालाच सांगावं लागेल.

अक्कानं दारातच त्याचे दोन्ही हात धरले. "कसा वाळलास रे! असा कशाला आलास एवढ्या लांब? आम्हीच येणार होतो."

"अक्का, आधी बस. मी काय सांगतो ते ऐक. घाबरू नको." घोटभर पाणी पिऊन त्यानं सुरुवात केली. आईपासून. आई कशानं गेली, ते काय होतं, ते लेकरांत कसं येतं. अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. त्यानं अण्णाचं नाव घेतलं, गोळीचं सांगितलं. मग म्हणाला, "म्हणून तू अन् दोन्ही पोरं तपासून घ्या. उद्याच्या उद्या."

अक्कानं काही विचारलं नाही.

काय रोग, कुठं तपासायचं, अण्णानं असं का केलं, यातलं काहीच तिनं विचारलं नाही. पदराचं टोक तिनं सोडलं आणि पुन्हा गुंडाळलं. तेव्हा महांतेशला कळलं.

"तुला ठाऊक हाय."

"हाव."

"कधीपासून?"

"अण्णानं तवाच सांगितलं होतं. मला हैदराबादला घेऊन गेला. मला न्हाई निघालं. पोरांना सुया दिल्या." ती घाईघाईनं बोलत होती. "मी त्याला दोनदा म्हनलं रे, महांत्याला सांग म्हनून. तो म्हनायचा, सांगतो, लग्न होऊ दे. मग म्हनायचा, सांगतो, दिवाळी होऊ दे."

"तू का न्हाई सांगितलंस?"

"थोरला तो हाय ना. अन् तुझ्या पोटात काही राहत न्हाई. तू भोळा. दुकानात कुणालाबी बोलून बसला असतास." ती रडायला लागली. "तुझ्यावर जीव न्हवता असं नको म्हणू. शिवानी झाली तवा आठव. अण्णानं डॉक्टरला बाजूला घेऊन पहिल्याच दिवशी पोरीला सुई द्यायला लावली. आठवतंय का?"

त्याला आठवत होतं. तो प्रसंग त्यानं कितीतरी लोकांना सांगितला होता. भाची-पुतण्यांच्या बारशाला, लग्नाच्या पंगतीत: माझ्या पोरीला हात लावायच्या आधी आमच्या अण्णानं डॉक्टरला विचारून महागाची सुई द्यायला लावली, असा भाऊ पाहिजे. लोकही म्हणायचे, नशीबवान आहेस.

म्हणजे अण्णा विसरला नव्हता. त्याला सगळं ठाऊक होतं. त्यानं बहिणीला वाचवलं, तिच्या लेकरांना वाचवलं, नुकत्याच जन्मलेल्या पुतणीला वाचवलं. फक्त रोज शेजारी बसणाऱ्या भावाला सोडून.

"मला कुणी एकानं सांगायला पाहिजे होतं," महांतेश म्हणाला. रागानं नव्हे, एखादं नाव चुकीचं घातलंय हे गिऱ्हाइकाला सांगावं, तसं.

अक्कानं त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. कडक भाकरी, शेंगांची चटणी, वर दही. त्याला वाटलं होतं, घास उतरणार नाही. पण भूक लागली होती आणि अक्काच्या हातची चटणी तशीच होती, आईसारखी. चव लागतेय याचंच त्याला वाईट वाटलं.

निघताना दारात थांबून तो म्हणाला, "नांदेडच्या डॉक्टरीणबाईला सख्ख्यांचं रक्त पाहिजे. तू अन् अण्णा या."

"तुझ्या इलाजाला लागतंय का?"

"माझ्या न्हाई. पुढं कुणाच्या तरी कामाला यील."

*

ते आले. पाऊसकाळ संपून ऊन चढायला लागलं होतं, त्या दिवसांत. अण्णा आणि अक्का गाडीनं, महांतेश आणि पुनम एसटीनं. अक्षराची सुपारी फुटली होती. महांतेश तिथं गेला होता, आहेर केला होता, पंगतीत वाढलं होतं. दुकानात मात्र त्यानं पुन्हा पाऊल टाकलं नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकून तो नावं घालायला बसला होता आणि गिऱ्हाइकं तिथं यायला लागली होती. बाजारात लोक विचारायचे, तेव्हा तो म्हणायचा, "डॉक्टरनं जिना चढायला मनाई केलीय." दुकानाला जिना नव्हता. लोकांनी त्याहून जास्त विचारलं नाही.

रक्त घ्यायच्या खोलीत अक्काचं झालं. मग अण्णा खुर्चीवर बसला. बाही वर केली. सिस्टरनं दंडाला पट्टा बांधला आणि नोंदीसाठी विचारलं, "पेशंट तुमचे कोण?"

अण्णानं दाराकडं पाहिलं.  सिस्टरनं वर पाहिलं.

दारात उभा असलेला महांतेश म्हणाला, "भाऊ. सख्खे."

सुई आत गेली. अण्णाला चक्कर वगैरे काही आली नाही.

त्याच दिवशी महांतेशच्या गाठीच्या अभ्यासातून काय निघालं ते कळणार होतं. डॉक्टर बुद्धप्रिया कॉरिडॉरमधून येताना दिसली तसा अण्णा कोपरात कापूस दाबून उठला आणि तिच्या आडवा गेला. "मॅडम, जरा इकडं. जे काय असंल ते आधी मला सांगा. त्याच्यासमोर जास्त बोलू नका. मन कच्चं हाय त्याचं."

डॉक्टरीण थांबली. तिनं अण्णाच्या खांद्यावरून मागं पाहिलं.

महांतेश बाकावरून उठून आला. "मॅडम, माझं मलाच सांगा. पुनम, तू बी चल." मग भावाकडं वळून म्हणाला, "अण्णा, तुमी इथं बसा."

आत गेल्यावर त्यानंच दार लावून घेतलं.

"काका, आधी एक सांगते," डॉक्टर बुद्धप्रिया म्हणाली. "हा अभ्यास आहे. पुष्कळ लोकांची माहिती एकत्र करून काढलेला अंदाज. एका माणसाचे दिवस यातून मोजता येत नाहीत. तुम्ही म्हणालात तर नाही सांगत."

"आतापर्यंत न सांगणारेच लई भेटले," महांतेश म्हणाला. "तुमी सांगा."

तिनं सांगितलं. गाठीच्या आत लढणाऱ्या पेशी कमीच पोचल्या होत्या. ज्या पोचल्या होत्या त्यांच्यावर थकल्याच्या खुणा होत्या; विषाणूबरोबर वर्षानुवर्षं राहून त्या दमल्या होत्या. जनुकांतल्या ज्या खुणा त्यांनी तपासल्या, त्याही बऱ्या बाजूच्या नव्हत्या. अशा माणसांत गाठ परत येण्याचं प्रमाण जास्त दिसत होतं. म्हणून दर तीन महिन्यांनी तपासणी, एकही चुकवायची नाही. परत आलीच तर लवकर सापडली पाहिजे. नवी औषधं आहेत, ती या पेशींना पुन्हा जागं करतात. कुणाला लागू पडतात, कुणाला नाही.

"अन् भावाचं रक्त?" पुनमनं विचारलं. "त्यात काय निघंल?"

"कळेल पुढं. कदाचित खुणा दोघांच्या सारख्याच निघतील."

"मग फरक कशानं पडला म्हनायचं?"

डॉक्टरनं पुनमकडं पाहिलं. "गोळी लवकर सुरू झाली तर पुष्कळ फरक पडतो, ताई."

महांतेशनं मान हलवली. सगळं त्याला एका वेळी समजलं होतं असं नाही, पण त्यानं दोन-तीन गोष्टी पुन्हा विचारून घेतल्या. मग उठला आणि हात जोडले. "नीट सांगितलंत. बरं वाटलं."

बाहेर अण्णा उभाच होता. अक्का बाकावर बसून जप करत होती. अण्णाच्या शर्टाच्या बाहीला रक्ताचा एक ठिपका लागला होता. तो महांतेशच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत होता. लहानपणी अण्णा परीक्षेचा निकाल घेऊन आला की महांतेश त्याच्याकडं असाच बघायचा.

"काय म्हनली?"

पुनमनं नवऱ्याकडं पाहिलं.

"चांगलं हाय म्हनली," महांतेश म्हणाला. "फिकीर करण्यासारखं काही न्हाई."

"खरं?"

"हाव."

अण्णानं डोळे मिटून कपाळाला हात लावला. "बसवण्णाची कृपा."  कितीतरी दिवसांत पहिल्यांदा त्याचे खांदे सैल झाले. अक्काला म्हणाला, "बघ, मी म्हनलं न्हवतं का?" मग खिशातून किल्ली काढत, "चला, गाडी काढतो. वाटेत नरसीला जेवू सगळे."

"तुमी व्हा पुढं," महांतेश म्हणाला. "आमी एसटीनं येतो. तिकडं थोडं काम हाय."

नांदेडात त्यांचं काही काम नव्हतं. अण्णानं ते विचारलं नाही. हलक्या पावलांनी जिना उतरून तो गेला.

देगलूरच्या बसमध्ये पुनमनं त्याला खिडकीची जागा दिली. उन्हाची बाजू होती, म्हणून मग परत उठवून आपण खिडकीशी बसली. नायगाव मागं पडलं. ती बाहेरच्या सोयाबीनच्या रिकाम्या झालेल्या रानांकडं बघत होती. त्यानं अण्णाला तसं का सांगितलं, हे तिनं विचारलं नाही. त्याला स्वतःलाही ते नीट सांगता आलं नसतं. दया होती की तिचा पार उलटा भाव होता, ते त्याला ठरवता येत नव्हतं. एवढंच की अण्णाला ते कळावं, असं त्याला वाटलं नव्हतं.

नरसी फाट्याला बस थांबली. पेरूवाल्या बायका खिडक्यांखाली आल्या.

"शिवानीला कोण सांगणार?" पुनमनं विचारलं.

"मी सांगतो."

"परीक्षा होऊ द्यायची का?"

"न्हाई," तो म्हणाला. "आजच सांगतो. घरी गेल्या गेल्या."

पुनमनं मान हलवली. खिडकीतून हात बाहेर काढून तिनं एक पेरू घेतला, बाईकडून चिरून त्याला तिखट-मीठ लावून घेतलं. अर्धा त्याच्या हातात दिला, अर्धा स्वतः खायला लागली. कंडक्टरनं घंटी ओढली आणि बस देगलूरच्या रस्त्याला लागली.